मों ब्लांवरील पहिलें पाऊल

फ्रान्सच्या आग्नेय सीमेवर, आल्प्स पर्वताच्या कुशींत, शामोनी नांवाचें एक गांव आहे. या गांवांत १८८७ सालीं उभारलेलें एक ब्राँझचें शिल्प आहे. त्यांत दोन पुरुष दाखविले आहेत. एक साध्या वेषांतला डोंगरी माणूस; त्यानें हात उंचावून समोरच्या हिमाच्छादित शिखराकडे बोट दाखविलें आहे. दुसरा सुशिक्षित, भारदस्त गृहस्थ. तो त्या बोटाच्या रोखानें वर पाहत आहे. डोंगरी माणूस म्हणजे जाक बाल्मा, आणि गृहस्थ म्हणजे जिनीव्हाचा शास्त्रज्ञ होरास बेनेदिक्त द सोस्यूर. समोरचें शिखर अर्थातच मों ब्लां.

हें शिल्प पाहून परतणाऱ्या प्रवाशाची सहज अशी समजूत होते कीं, या दोघांनींच तें शिखर प्रथम जिंकलें. वस्तुस्थिति तशी नाहीं. मों ब्लांच्या माथ्यावर मनुष्याचें पहिलें पाऊल पडलें तें ८ ऑगस्ट १७८६ रोजीं. त्या दिवशीं तेथें दोन माणसें होतीं हें खरें. पण त्यांत सोस्यूर नव्हता. बाल्माच्या जोडीला होता तो शामोनीचाच एक तरुण डॉक्टर, मिशेल गाब्रिएल पाकार. तो या शिल्पांत नाहीं. तो कां नाहीं, आणि त्याचें नांव पुन्हां इतिहासांत यावयास इतकीं वर्षें कां लागलीं, याची हकीकत पर्वतारोहणाच्या साऱ्या वाङ्मयांत फार बोधप्रद आहे.

मों ब्लां या शब्दांचा अर्थ शुभ्र पर्वत. हिमालयांतील धवलगिरीच्या नांवाचाही अर्थ तोच. आल्प्समधील हें सर्वांत उंच शिखर. त्याची उंची सामान्यतः ४,८०७ मीटर, म्हणजे सुमारें १५,७७० फूट, अशी सांगतात. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याच्या जवळजवळ तिप्पट ही उंची आहे. परंतु मों ब्लांच्या माथ्यावर उघडा खडक नाहीं; तेथें बर्फाचा जाड टोप आहे, आणि वारा व हिमवर्षाव यांच्या मानानें तो वाढतो वा झिजतो. म्हणून २००१ सालापासून दर दोन वर्षांनीं या पर्वताची मोजणी होत आली आहे. २०२१ सालीं ती ४,८०७.८१ मीटर भरली. २०२३ सालीं ४,८०५.५९ मीटर. पर्वताची उंचीदेखील एका आंकड्यांत कायमची बांधून ठेवतां येत नाहीं, ही गोष्ट पुढील कथा ऐकतांना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आज या पर्वतावरून फ्रान्स आणि इटली यांची सरहद्द जाते. अठराव्या शतकांत मात्र हा सारा प्रदेश सव्हॉय या नांवानें ओळखला जाई, आणि तेथें सार्डिनियाच्या राजाचा अंमल होता. फ्रान्सकडे तो कायमचा गेला १८६० सालीं. शामोनीचे लोक गरीब. थोडी शेती, गुरें, डोंगरांतील रानबकऱ्यांची शिकार आणि खडकांच्या भेगांतून सांपडणारे स्फटिक, यांवर त्यांचा चरितार्थ चाले. या बर्फाळ शिखरांविषयीं त्यांच्या मनांत प्रेमापेक्षां भीतिच अधिक होती. पूर्वीं या शिखरांना ‘शापित पर्वत’ असेंच नांव होतें. तें नांव आतां मों ब्लांच्या शेजारच्या एका शिखराकडे उरलें आहे. १७४१ सालीं विंडहॅम आणि पोकॉक या दोन इंग्रज प्रवाशांनीं शामोनीच्या हिमनदीला भेट देऊन तिचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून युरोपांतील जिज्ञासूंचें लक्ष या दरीकडे वळलें.

त्या जिज्ञासूंत सोस्यूर हा अग्रगण्य. १७६० सालीं वयाच्या विसाव्या वर्षीं तो जिनीव्हाहून शामोनीला आला, आणि त्या शुभ्र शिखरानें त्याच्या मनाची जी पकड घेतली ती शेवटपर्यंत सुटली नाहीं. शिखरावर जाण्याची वाट जो शोधून काढील त्याला बक्षीस देण्यांत येईल, असें त्यानें दरींतील गांवांतून जाहीर केलें. बक्षीस मोठें होतें. पण पंचवीस वर्षें लोटलीं तरी तें घेण्यास कोणी पुढें आला नाहीं. प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १७७५ सालीं शामोनीच्या चार मंडळींनीं बरीच उंची गांठली. १७८५ सालीं स्वतः सोस्यूर निघाला, तोही परत फिरला. अडचण केवळ चढणीची नव्हती. त्या काळीं लोकांची अशी ठाम समजूत होती कीं, हिमनदीवर उघड्यावर रात्र काढणारा मनुष्य जिवंत राहूं शकत नाहीं. त्यामुळें निघणारी प्रत्येक टोळी सूर्यास्तापूर्वीं खालीं येण्याच्या घाईंत असे. आणि मों ब्लां तर एका दिवसांत जाऊन येण्याइतका जवळ नव्हता.

ही समजूत मोडली ती जाक बाल्मानें. बाल्माचा जन्म १७६२ सालचा. तो स्फटिक शोधीत हिंडणारा, अंगानें काटक आणि स्वभावानें एकलकोंडा गडी होता. १७८६ च्या जूनमध्यें शिखराची वाट शोधणाऱ्या एका टोळीबरोबर तो वर गेला. इतर मंडळी परतलीं आणि तो एकटा मागें राहिला. अंधार पडला, खालीं उतरण्याची सोय उरली नाहीं. बाल्मानें ती रात्र बर्फावरच काढली, आणि सकाळीं तो चालत गांवांत आला. एका माणसाच्या नाइलाजानें सर्वांची भीति खोटी ठरविली.

पाकार हा अगदीं वेगळ्या घडणीचा मनुष्य. जन्म १७५७ सालचा. शामोनीच्या नोटरीचा मुलगा. तुरिनला वैद्यक शिकून तो गांवांत डॉक्टर म्हणून परत आला होता. वनस्पतींचा आणि खनिजांचा त्याला नाद होता. मों ब्लांवर वायुभारमापक नेऊन तेथील हवेचा दाब व उष्णतामान मोजावें, ही त्याची आकांक्षा. १७८३ पासून तीन वर्षें त्यानें निरनिराळ्या बाजूंनीं चढून पाहिलें. आणि चढणें शक्य नसे तेव्हां तो दुर्बिणींतून त्या उतारांचा अभ्यास करी. कोठें भेग आहे, कोठें बर्फाचा कडा कोसळतो, कोणत्या पट्ट्यावरून वाट निघूं शकेल, हें सारें त्यानें खालूनच टिपून ठेविलें होतें. एकाजवळ रात्रीचा अनुभव, दुसऱ्याजवळ वाटेचा अभ्यास; या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हां मों ब्लांचा मार्ग मोकळा झाला.

७ ऑगस्ट १७८६ रोजीं दुपारनंतर दोघे गांवांतून निघाले. दोन हिमनद्यांच्या मधोमध एक खडकाळ सोंड वर चढत जाते. तिच्या माथ्याशीं त्यांनीं रात्रीचा मुक्काम केला. पहाटे चारच्या सुमारास ते उठले आणि बर्फावर उतरले. बरोबर दोर नव्हता, शिडी नव्हती, बर्फ फोडावयाची कुदळही नव्हती. होत्या त्या लोखंडी टोंकाच्या दोन लांब काठ्या. जेथें दोन हिमनद्या एकमेकींपासून फुटतात तेथें बर्फाला खोल भेगा पडलेल्या असतात. अशा भेगांवर काठ्या आडव्या टाकून त्यांच्या आधारानें ते पलीकडे सरकले. पुढें मोठें हिमपठार लागलें. उन्हानें बर्फ भुसभुशीत झालें होतें आणि पाऊल गुडघ्यापर्यंत आंत जाई. दोघे आळीपाळीनें पुढें होऊन वाट तुडवीत होते. पठारानंतर तांबूस खडकांच्या कडेची उभी चढण. वाऱ्यानें डॉक्टरची टोपी उडवून नेली. हवा विरळ झाली. थोडे चालावें, थांबावें, श्वास घ्यावा आणि पुन्हां चालावें, असें करीत संध्याकाळीं सहा वाजून तेवीस मिनिटांनीं ते माथ्यावर उभे राहिले.

तेथें ते चौतीस मिनिटें होते. पाकारनें आपलीं यंत्रें काढून मोजमापें घेतलीं. सूर्य मावळतीला आला होता. खालची दरी सावलींत बुडत होती. सात वाजण्याच्या आधींच ते उतरूं लागले, आणि चंद्रप्रकाशांत ती सारी भयंकर वाट पुन्हां तुडवून मध्यरात्रीच्या सुमारास खडकाच्या सोंडेवर पोहोंचले. पाकारचे हात थंडीनें बधिर झाले होते. दिवसभर बर्फाचें तेज पाहून त्याचे डोळे इतके दुखावले होते कीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं उतरतांना त्याला धड दिसत नव्हतें. बाल्माच्या सोबतीनेंच तो घरीं आला. बाल्मा घरीं पोहोंचला तेव्हां त्याच्यापुढें वेगळेंच दुःख वाढून ठेविलेलें होतें. तो पर्वतावर असतांना इकडे त्याची तान्ही मुलगी मरण पावली होती.

येथवर कथा सरळ आहे. यानंतर ती वांकडी होते.

बाल्मा जिनीव्हाला गेला आणि सोस्यूरनें त्याला कबूल केलेलें बक्षीस दिलें. सार्डिनियाच्या राजानेंही त्याला देणगी दिली, आणि ‘मों ब्लां’ हें उपनांव लावण्याचा मान दिला. डॉक्टरनें पैशावर हक्क सांगितला नाहीं. त्यानें आपल्या आरोहणावर एक पुस्तक लिहिण्याचें ठरविलें आणि वर्गणीदार मिळविण्यासाठीं त्याचें जाहीर पत्रक काढलें. पण तें पुस्तक कधींच बाहेर पडलें नाहीं. त्याच्या आधीं दुसऱ्याच एका लेखणीनें लोकांचें मत बनवून टाकलें.

ती लेखणी होती मार्क थिओडोर बूरी याची. हा जिनीव्हाच्या मुख्य चर्चमधील गायकवृंदाचा प्रमुख. हौशी चित्रकार आणि आल्प्सवरील प्रवासवर्णनांचा लोकप्रिय लेखक. मों ब्लां चढण्याचे त्याचे प्रयत्न पुनःपुन्हां फसले होते, आणि पुढेंही त्याला तें शिखर कधींच साधलें नाहीं. जें आपणांस साधलें नाहीं तें आपल्याच माहितीच्या एका डॉक्टरनें साधावें, आणि वर त्यावर पुस्तकही लिहावें, हें त्याच्या मनाला लागलें असल्यास नवल नाहीं. आरोहणाला दोन महिनेही झाले नव्हते तोंच त्यानें एक पत्र छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील हकीकतीचा मतितार्थ असा कीं, वाट शोधली बाल्मानें, पुढें चालला बाल्मा, माथा प्रथम गांठला बाल्मानें; आणि दमून मागें पडलेल्या डॉक्टरला नंतर त्यानें कसेबसें वर नेलें.

पाकार गप्प बसला नाहीं. त्यानें साक्षीदारांसमक्ष बाल्माची सही असलेला एक जबाब मिळविला, आणि तो १७८७ मध्यें लोझानच्या एका वृत्तपत्रांत छापला गेला. त्यांत बाल्मानें मान्य केलें आहे कीं, डॉक्टरनें वाटेंत आपल्या वाट्याचें काम केलें. आणि अखेरच्या उतारावर डॉक्टर अधिक सरळ वाटेनें गेल्यामुळें, त्याच्या बरोबरीनें माथ्यावर पोहोंचण्यासाठीं आपल्याला धांवावें लागलें. परंतु एकदां पसरलेल्या रंजक गोष्टीचा पाठलाग कोरड्या जबाबाला कोठून करतां यावा? बूरीचें पत्र घरोघर वाचलें गेलें. जबाब विसरला गेला.

त्यांत पुढच्याच वर्षीं एक मोठी घटना घडली. ३ ऑगस्ट १७८७ रोजीं सोस्यूर स्वतः मों ब्लांवर चढला. बरोबर बाल्मासह अठरा वाटाडे आणि एक नोकर होता. शामोनीहून त्याची पत्नी दुर्बिणींतून पाहत होती. सोस्यूर माथ्यावर साडेचार तास होता. पाणी किती उष्णतेला उकळतें तें त्यानें पाहिलें. निळ्या रंगाच्या निरनिराळ्या छटांचे कागद आकाशाशीं ताडून पाहिले. बरोबरच्या माणसांच्या नाड्या मोजल्या. सत्तावीस वर्षांचा ध्यास पुरा झाला तेव्हां त्याला आनंदापेक्षां एक प्रकारचा रागच आला, आणि त्यानें तें बर्फ पायांनीं तुडविलें, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. त्याच्या कीर्तीमुळें या आरोहणाचा युरोपभर बोलबाला झाला. सोस्यूर आणि त्याचा वाटाड्या बाल्मा ही जोडी लोकांच्या मनांत ठसली. डॉक्टरला उभें राहण्यास तेथें जागाच उरली नाहीं.

पाकार १८२७ सालीं वारला. त्यानंतर पांच वर्षांनीं, १८३२ मध्यें, फ्रेंच कादंबरीकार आलेक्झांद्र द्यूमा शामोनीला आला. बाल्मा तेव्हां सत्तर वर्षांचा होता. द्यूमानें त्याला जेवावयास बोलाविलें, मद्याचे पेले भरले आणि जुनी हकीकत सांगावयास लाविली. शेचाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. सांगणारा म्हातारा, ऐकणारा गोष्टीवेल्हाळ, आणि तिसरा, ज्याला आक्षेप घेतां आला असता तो, थडग्यांत. मग डॉक्टर चार पायांवर रांगत चालला, बाल्मा एकटाच माथ्यावर गेला, आणि परत खालीं येऊन त्यानें डॉक्टरला वर ओढून नेलें, असें सारें त्यांत आलें. द्यूमाचें प्रवासवर्णन बहुतेक सुशिक्षित युरोपनें वाचलें. बाल्मा दोन वर्षांनीं सोन्याच्या शोधांत एका दुर्गम कड्याकडे गेला आणि तेथेंच पडून नाहींसा झाला. त्याच्या मृत्यूनंतर ही दंतकथाच इतिहास म्हणून उरली. १८८७ चें शिल्प हें त्या दंतकथेचें ब्राँझमधील रूप होय.

दरम्यानच्या काळांत मों ब्लांचें आरोहण हा शामोनीचा धंदा झाला होता. १८०८ सालीं मारी पाराडी ही गांवांतलीच एक गरीब बाई वाटाड्यांच्या मदतीनें माथ्यावर गेली. अखेरीस आपल्याला ओढून न्यावें लागलें, हें ती प्रांजळपणें सांगे. १८३८ सालीं हेन्रिएट दांजव्हील ही चव्वेचाळीस वर्षांची स्त्री स्वतःच्या निर्धारानें चढली. १८२० मध्यें हामेल या रशियाहून आलेल्या शास्त्रज्ञाच्या टोळीवर बर्फ घसरून तीन वाटाडे एका भेगेंत गाडले गेले. या अपघातानंतर, १८२१ सालीं, शामोनीच्या वाटाड्यांनीं आपला संघ स्थापन केला. तो आजही चालू आहे.

त्या तीन वाटाड्यांची गोष्ट पुढें आणखी एका कारणानें प्रसिद्ध झाली. हिमनदी ही गोठलेली दिसली तरी ती हळूहळू खालीं वाहत असते. जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञानें तिची गति मोजून असें भाकित केलें कीं, सुमारें चाळीस वर्षांनीं त्या माणसांचे अवशेष दरीच्या तोंडाशीं बाहेर येतील. तसेंच घडलें. १८६१ सालीं बोसों हिमनदीच्या खालच्या टोंकाशीं ते अवशेष सांपडूं लागले, आणि त्या अपघातांतून वांचलेल्या एका वृद्ध वाटाड्यानें ते ओळखले.

याच हिमनदीशीं भारताचाही एक दुःखद संबंध जडला आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं मुंबईहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मों ब्लांवर आदळलें आणि त्यांतील अठ्ठेचाळीसही माणसें मृत्यु पावलीं. त्यांच्या शोधासाठीं निघालेला शामोनीचा वाटाड्या रने पायो हाही बर्फांत गाडला गेला. पुढें २४ जानेवारी १९६६ रोजीं याच पर्वतावर ‘कांचनजंगा’ हें विमान कोसळलें. त्यांत एकशें सतरा माणसें होतीं. भारताच्या अणुशक्ति-संशोधनाचे प्रवर्तक, मुंबईचे डॉ. होमी भाभा हे त्यांपैकीं एक. त्या विमानांतील वस्तु हिमनदी अजूनही अधूनमधून खालीं आणून देते. २०१२ सालीं तिनें भारत सरकारच्या टपालाची एक थैली परत दिली. शेचाळीस वर्षें ती बर्फाच्या पोटांत होती.

बर्फांत गाडलेली वस्तु जशी कालांतरानें पायथ्याशीं येते, तशीच कागदांत गाडलेली साक्षही येते. पाकारच्या बाबतींत तसेंच झालें. ८ ऑगस्ट १७८६ च्या त्या संध्याकाळीं शामोनींत एक जर्मन सरदार उतरला होता. त्याचें नांव आडोल्फ त्राउगोट फोन गेर्सडोर्फ. त्याला शास्त्राची आवड होती आणि त्याच्याजवळ उत्तम दुर्बीण होती. दोन माणसें वर चढत आहेत हें कळतांच त्यानें दुर्बीण लाविली, आणि ते ठिपके कोणत्या वेळीं कोठें होते हें घड्याळ पाहून आपल्या रोजनिशींत टिपलें. त्यांची वाट दाखविणारें एक रेखाचित्रही त्यानें काढलें. गेर्सडोर्फला या वादांत कोणाची बाजू घ्यावयाची नव्हती. कारण त्यानें टिपण केलें तेव्हां वाद जन्मालाच आला नव्हता. तो रोजनिशी घेऊन आपल्या देशीं परत गेला, आणि ती वही गोर्लिट्झच्या संग्रहांत शंभराहून अधिक वर्षें पडून राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अभ्यासकांचें लक्ष तिच्याकडे गेलें. बर्नचे हाइन्रिख ड्यूबी यांनीं १९१३ सालीं पाकार आणि बाल्मा यांच्या वादावर एक ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरची बाजू पुराव्यानिशीं मांडली. १९५७ सालीं टी. ग्रॅहॅम ब्राउन आणि गॅव्हिन द बीअर या दोघां ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं सारीं कागदपत्रें एकत्र करून त्यांची छाननी केली. ग्रॅहॅम ब्राउन यांनीं स्वतः मों ब्लांच्या इटलीकडील अवघड भिंतीवर नव्या वाटा काढल्या होत्या. त्यामुळें कोणत्या उतारावर किती वेळ लागेल हें त्यांना पायांनीं ठाऊक होतें. गेर्सडोर्फची रोजनिशी, पाकारची स्वतःची टिपणवही आणि बाल्माचा जबाब, हे तीन पुरावे एकमेकांशीं जुळतात. दंतकथेंतील बाल्मा माथ्यावर एकटा जातो, खालीं येतो आणि डॉक्टरला घेऊन पुन्हां वर जातो. घड्याळाच्या नोंदींत या येरझारेला वेळच शिल्लक राहत नाहीं. दुर्बिणींतून दिसले ते दोन ठिपके, आणि माथ्यावर ते जवळजवळ एकदमच पोहोंचले.

याचा अर्थ बाल्मा लबाड होता असा करणें हा मात्र दुसरा अन्याय होईल. बर्फावर एकट्यानें रात्र काढणारा तोच. उतरणीवर डोळे गेलेल्या सोबत्याला सांभाळून आणणाराही तोच. त्याचें श्रेय त्याला पुरें आहे. त्याला दुसऱ्याचें उसनें घेण्याची गरज नव्हती. तें उसनें त्याच्या पदरांत प्रथम बूरीनें घातलें, आणि सारें जग ती गोष्ट आवडीनें ऐकूं लागल्यावर तीच खरी, असें त्यालाही म्हातारपणीं वाटूं लागलें असेल. सत्याचा घात करावयास नेहमीं दुष्ट माणूसच लागतो असें नाहीं. एक मत्सरी लेखक, एक रंजक गोष्ट सांगणारा आणि ती पडताळून न पाहणारे हजारों वाचक एवढे त्याला पुरतात.

आज मों ब्लांवर जाणारी नित्याची वाट बाल्मा व पाकार यांची नव्हे. सें जर्व्हेहून डोंगरी आगगाडी २,३७२ मीटरपर्यंत नेऊन सोडते. तेथून तेत रूसच्या निवाऱ्यापर्यंत पायवाट, मग दगड कोसळण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेली एक घळ, मग ३,८३५ मीटरवरचें गूते विश्रामगृह. आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे अंधारांतच निघून घुमटासारख्या हिमशिखरावरून व एका अरुंद धारेवरून माथा. दुसरी वाट शामोनीहून दोराच्या पाळण्यानें एग्वी द्यु मिदीवर जाऊन दोन उंच शिखरांच्या खांद्यांवरून निघते. तिसरी इटलीच्या बाजूनें. कसलेल्या गिर्यारोहकांसाठीं ब्रेन्व्हाच्या बाजूची उभी भिंत आहे. तेथील पहिली वाट १८६५ सालीं निघाली. निवारे आले, दोर आले, हवामानाचे अंदाज आले. पण पर्वताचा स्वभाव बदललेला नाहीं. उलट, अलीकडच्या उन्हाळ्यांत खडकांना धरून ठेवणारें बर्फ वितळून त्या घळींतील दगडफेक वाढली आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्यें ती इतकी वाढली कीं, त्या वाटेवरील दोन्ही निवारे कांहीं काळ बंद ठेवावे लागले. वरवर सोप्या दिसणाऱ्या या वाटेवर बेसावध माणसांचे प्राण दरवर्षीं जात असतात.

१९८६ सालीं पहिल्या आरोहणाला दोनशें वर्षें पूर्ण झालीं, आणि त्या निमित्तानें शामोनींत पाकारचाही पुतळा उभारण्यांत आला. तो जुन्या शिल्पापासून थोडा दूर, एकटाच आहे. डॉक्टर बसला आहे आणि मान वर करून शिखराकडे पाहत आहे. बाल्माचें बोट तिकडेच, सोस्यूरची दृष्टि तिकडेच, आणि पाकारचीही तिकडेच. माथ्यावर शेजारीं शेजारीं उभे राहिलेले ते दोघे गांवांत अजून एका चौथऱ्यावर आलेले नाहींत; पण ज्याला ती हकीकत ठाऊक आहे असा मनुष्य दोन्ही पुतळ्यांसमोर उभा राहून मग शिखराकडे पाहतो, तेव्हां त्याला तेथें दोन ठिपके एकत्रच दिसतात.